आणायची गोळी, ढकलायची गोळी

मेडिकल चालवणाऱ्या माणसाने धीट असू नये, असं माझं ठाम मत आहे. धीट माणसाने हॉटेल काढावं, किराणा काढावा, फार तर निवडणूक लढवावी. किराणा दुकानात तुरीऐवजी हरभऱ्याची डाळ गेली तर एका घरची आमटी बिघडते. आमच्याकडे एका गोळीऐवजी दुसरी गेली तर काय बिघडेल, त्याला धरबंद नाही. मी जन्माची भित्री. कुलूप लावल्यावर ते पुन्हा पुन्हा ओढून बघते, म्हणून सासरची माणसं मला हसत आली आहेत. पण डी. फार्मसी करून भोकरदनला सून म्हणून आले, माझ्या नावावर लायसन निघालं, आणि तेव्हापासून दुकान बंद करेपर्यंत या भित्रेपणावरच माझा धंदा चालला. आमचे हे शाळेत मास्तर होते. ते सकाळ-संध्याकाळ हाताखाली असायचे आणि दुपारी दुकानात मी एकटी.

दुपार ही बायकांची वेळ. शेजारची शटरं निम्मी खाली आलेली असायची आणि रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. बाई दुकानावरून एकदा सरळ पुढे निघून जायची. पुढे जाऊन वळायची, परत यायची आणि डोकं दुखायची गोळी मागायची. ती गोळी हातात पडल्यावर मग खरं दुखणं बाहेर यायचं, तेही खालच्या आवाजात, काउंटरच्या काचेकडे बघत. आपल्या गावात असलं औषध घ्यायचं नाही, असा अलिखित नियमच होता. भोकरदनच्या बायका जालन्याला जायच्या, जालन्याच्या औरंगाबादला, आणि खेड्यापाड्यातल्या माझ्याकडे यायच्या. औषधापेक्षा एसटीलाच जास्त पैसे जायचे म्हणा ना.

सगळ्यात जास्त मागणी असायची ती पाळी पुढे ढकलायच्या गोळीला. राजूरच्या गणपतीला अंगारकी आली, घरात लग्न निघालं, सत्यनारायण ठरला, की बायका दारात हजर. मी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देत नसे, म्हणून मला खडूस म्हणायच्या. या गोळीचं काम बाहेरच्या माणसाला सोपं करून सांगते. गोळी चालू आहे तोवर पाळी थांबते. गोळी बंद केली की चार-दोन दिवसांत येते. म्हणजे हीच गोळी डॉक्टर उलट्या कामालाही वापरतात. जिची पाळी महिनोन्‌महिने येतच नाही, तिला काही दिवस द्यायची आणि बंद करायची, की पाळी येते. पाकीट तेच आणि आतली गोळीही तीच. ढकलायची गोळी आमच्या भागात प्रत्येक बाईला ठाऊक होती. आणायची गोळी मात्र कुणालाच ठाऊक नव्हती, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

दोन हजार साल उजाडलं त्याच्या आसपासची गोष्ट. राजूरकडच्या एका खेड्यातल्या कौसाबाई दुपारच्या आल्या. डोकेदुखीची गोळी वगैरे काही न मागता त्यांनी जालन्याच्या लेडी डॉक्टरची चिठ्ठी काचेवर ठेवली आणि पदराने तोंड पुसत राहिल्या. मुलगी सुनीता, लग्नाच्या वयाची. पाळी चार-चार महिने यायची नाही. वजन वाढलेलं, तोंडावर पुटकुळ्या, हनुवटीवर केस. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करून अंडाशयावर बारीक गाठी आहेत असं सांगितलं होतं. गाठी म्हटल्यावर कौसाबाईंनी पुढचं ऐकलंच नव्हतं.

"गाठ म्हंजे तीच न्हवं?" एवढंच त्या मला विचारू शकल्या. कॅन्सर हा शब्द त्यांनी उच्चारला नाही.

मी त्यांना आत स्टुलावर बसवलं. बाईच्या अंगात महिन्याला एक अंडं पिकतं, बाहेर पडतं, मग पाळी येते. सुनीताच्या अंगात अशी बरीच अंडी एकदम तयार व्हायला लागतात आणि एकही नीट पिकत नाही, म्हणून ती तिथे बारीक फोडांसारखी दिसतात. याला पीसीओएस म्हणतात. हा कॅन्सर नाही. पण पाळी वर्षानुवर्षं तुंबू द्यायची नाही, ते पुढे जाऊन वाईट. चिठ्ठीवर दोन औषधं होती. एक रोजची, शुगरवाल्यांना देतात ती, आणि दुसरी ही आणायची गोळी, दर महिन्यात थोडे दिवस. शुगरची गोळी बघून त्या पुन्हा घाबरल्या. ती या आजारातही देतात, हे पटवायला बराच वेळ गेला. डॉक्टरीणबाईंनी मुलीला रोज चालायला सांगितलं होतं, त्यावर मात्र त्यांना राग आला. दिवसभर कापसात वाकून राहणाऱ्या पोरीने आणखी कुठे चालायचं, असं त्यांचं म्हणणं होतं.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मी पाकिटावर पेनाने चित्रं काढत असे. सकाळच्या गोळीवर सूर्य, रात्री जेवल्यावरच्या गोळीवर चांद. सुनीता सातवी शिकलेली होती, पण कौसाबाईंना समजावं म्हणून तिच्याही आणायच्या गोळीवर मी चांद काढला. शिवाय एक गोष्ट त्यांच्याकडून घोकून घेतली. ही गोळी सुरू करण्याआधी पोटात काही नाही याची खात्री पाहिजे, कारण गर्भ असताना ती गेली तर गर्भाला बाधू शकते. लग्न झाल्यावर दर वेळी लघवी तपासायची पट्टी लावायची, एकच रेघ आली तरच पाकीट फोडायचं. कौसाबाई म्हणाल्या, लग्न तर होऊ द्या आधी.

ते वर्षभरात झालं. मधल्या काळात औषधाने पाळी लायनीवर आली होती, तोंड निवळलं होतं. सोयरिकीच्या वेळी मी म्हटलं, त्यांच्या कानावर घाला. कौसाबाईंनी माझ्यापुढे हात जोडले. "ताई, ही गोष्ट बाहेर गेली तर पोरगी जन्मभर माझ्या दारात बसंल," त्या म्हणाल्या. त्यांची भीती खोटी होती असं मला आजही म्हणता येत नाही. मग गोळ्या सासरी पोचवायची त्यांनी एक तऱ्हा काढली. दर संकष्टीला मायलेकी राजूरच्या देवळात भेटायच्या आणि नारळ-साखरेच्या पिशवीतून महिन्याची औषधं इकडून तिकडे जायची. पट्टी त्यात असायचीच. सुनीताला मी अजून पाहिलेलं नव्हतं. ती कुठल्या घरात पडली तेही मला ठाऊक नव्हतं.

ते कळलं गयाबाईंमुळे.

गयाबाई माझ्या जुन्या गिऱ्हाईक, राजूरच्या वाटेवरच्या एका खेड्यातल्या. अंगारकीला राजूरच्या गणपतीपुढे बसून सहस्रावर्तनं ऐकायचा त्यांचा नेम होता, त्यासाठी डॉक्टरची चिठ्ठी घेऊन त्या ढकलायच्या गोळ्या न्यायला यायच्या. ठसठशीत बाई, बोलणं फटकळ. त्या दिवशी आल्या त्या न थांबता सरळ काउंटरवर, आणि कमरेची पिशवी सोडून एक रिकामं पाकीट त्यांनी काचेवर आपटलं. त्यावर माझ्या पेनाने काढलेला चांद होता.

"ह्यो चांद तूच काढती ना?"

मी हो म्हटलं.

"माझ्या सुनेच्या उशीखाली घावलं. ही ढकलायची गोळी आहे, मला काय ठाऊक न्हाई व्हय? दर महिन्याला ढकलून राह्यली ती. पोरगं नको तिला. लगन होऊन वरीस झालं, मी रोज तिच्या पोटाकडं बघून राह्यले, अन ही उशीखाली गोळ्या ठेवून राह्यली."

त्यांचा मुलगा एकुलता. शेजारच्या भिंतीला जाऊ, तिला आपली भाची या घरात द्यायची होती आणि ती अजून टपून होती. गयाबाईंनी सांगून टाकलं, की गोळीचं खरं निघालं तर उद्या पोरीला माहेरी घालवणार, कायमची. मी काय बोलते यावर एका मुलीचा संसार अवलंबून होता. ढकलायची नाही म्हणावं, तर मग कशाची, हे येणार. आजार म्हणावं, तर आजारी मुलगी गळ्यात मारली म्हणून माहेरी धाडतील. आणि एका गिऱ्हाइकाचं औषध दुसऱ्याला सांगायचं नाही, हे तर आमच्या धंद्यातलं पहिलं पथ्य.

"मावशी," मी म्हटलं, "मी माणसाचं सांगत नसते. गोळीचं विचारा."

"मंग गोळीचं सांग."

"तुम्ही अंगारकीला घेता. पूजा झाल्यावर गोळी सोडली की काय होतं?"

"काय व्हायचं? येती की तिसऱ्या-चवथ्या दिवशी. बराबर येती."

"आणि एखादीला येतच नसेल तर?"

गयाबाईंनी पाकीट उचललं, चांदावरून बोट फिरवलं, पुन्हा खाली ठेवलं. इतक्या वर्षांत या बाईने गोळी शेकडो बायकांसारखीच वापरली होती, थांबणं तेवढं लक्षात ठेवलं होतं आणि येणं गृहीत धरलं होतं. आता तेच तिच्यापुढे उभं राहिलं.

"म्हंजे वांझ?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

मी म्हटलं, ज्या बाईला डॉक्टर ही गोळी देतात तिला वांझ म्हणत नाहीत. औषध चालू असताना अशा कितीतरी बायकांना दिवस जातात. गयाबाईंनी पिशवी बांधली आणि निघून गेल्या. रिकामं पाकीट काचेवरच राहिलं.

नंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगता येत नाही. रस्त्याने कुणी बाई झपझप येताना दिसली की मला कौसाबाई वाटायच्या. घरी यांना सांगावं तर पथ्य मोडतं, म्हणून तेही नाही. आणि एका दुपारी गयाबाई आल्या. काउंटरवर दोन पुरुष होते. त्यांच्यादेखत, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगितलं, की माझ्या पूजेच्या गोळ्या दे. पुरुष ओशाळून बाजूला झाले. मग गयाबाईंनी मुठीतली चिठ्ठी माझ्याकडे सरकवली. ती सुनीताची होती. त्यांनी सुनेला विचारलं होतं, सुनेने रडत ट्रंकेतून काढून दिली होती.

"मला लई वरसं पोरगं नव्हतं," गयाबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "मला कोणी गोळी न्हाई दिली. सासूनं दोन येळा माहेरी नेऊन टाकलं." आणि हनुवटीवरचे राठ केस चाचपल्यासारखं करून त्यांनी पदर ओढून घेतला.

तेव्हापासून सुनीताची औषधं सासूच्या नावाने जायला लागली. तपासायला जालन्याला न्यायचं असलं की गयाबाईंचे गुडघे दुखायचे आणि सोबतीला सून जायची. गावात बोलबाला झाला, की या वयात गयाबाईंनी पूजाअर्चा भलतीच वाढवली. वास्तविक त्यांची स्वतःची पाळी मधल्या काळात कायमची थांबलीसुद्धा होती. मला मात्र दर महिन्याला धडकी भरायची, कारण तिसऱ्याच्या तोंडून औषध चालवणं म्हणजे डोळे बांधून सुई ओवणं. जिच्या पोटात गोळी जायची तिच्याशी मी कधी एक शब्द बोलले नव्हते. म्हणून पट्टीचा नियम मी सोडला नाही. पाकीट आणि पट्टी एकाच कागदात बांधून द्यायची.

त्या पट्टीचाच गयाबाईंना राग यायला लागला. दर महिन्याला एकच रेघ. दुसरं वर्ष सरत आलं होतं. एका दुपारी त्या म्हणाल्या, ह्या बारीला निसत्या गोळ्या दे. मी नाही म्हटलं.

"तू पट्टी देती अन पोरगी न्हाणीत जाऊन रडती. दोन-दोन दिवस जेवत न्हाई. मला बघवत न्हाई बाई. तुला काय, तू हितं खुर्चीत बसून राहती."

मी पुन्हा नाही म्हटलं. त्या उठल्या. स्टँडजवळच्या दुकानात कुणी अशी उलटतपासणी करत नाही, असं सुनावून तरातरा निघून गेल्या. थोड्या वेळाने त्यांना राजूरच्या गाडीत चढताना मी दुकानातून पाहिलं. हातात दुसऱ्या दुकानाची कागदी पुडी होती.

मी स्वतःला खूप समजावलं. आजवर दर वेळी एकच रेघ आलेली आहे, याही वेळी तीच असणार. माझं काम मी केलं. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेलं की आपली जबाबदारी संपते, असंच सगळे म्हणतील. पण ते मला पटेना. नव्या पाकिटावर चांद नसला, तरी त्याची सवय मीच लावलेली होती. रात्री जेवल्यावर, हे मीच शिकवलेलं. म्हणजे माझ्या हातात संध्याकाळपर्यंतचा वेळ होता. उद्या वाईट झालं तर ते कधी कुणाला कळणारही नाही, दिवस गेले होते हे सुद्धा कळणार नाही, फक्त मला दर महिन्याला शंका येत राहील. गिऱ्हाइकाच्या दारात जायचं नाही, हाही माझा नियम होता. औषधवाली बाई दारात दिसली की घरात कुणाला काय झालं हे गल्ली विचारते. तरी मी शटर ओढलं, कुलूप लावलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते पुन्हा ओढून न बघता गाडी पकडली.

पर्समध्ये पट्टी, हातात नारळ. कुणी विचारलं तर राजूरला दर्शनाला निघाले आणि तहान लागली म्हणून उतरले, असं ठरवलं होतं. आणि तसं झालंही. शेजारच्या ओट्यावर ज्वारी पाखडत बसलेल्या जाऊबाईंनीच पहिल्यांदा विचारलं. नारळ दिसेल असा धरून मी उत्तर दिलं आणि आत शिरले.

गयाबाई चुलीपाशी होत्या. मला बघून त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. पाणी घेऊन आली ती सुनीता. गोल चेहऱ्याची, शांत डोळ्यांची मुलगी. एवढी वर्षं जिची काळजी केली ती समोर उभी होती. तांब्या घेताना मी हळूच विचारलं, पाकीट फोडलंस का?

"न्हाई फोडलं, ताई." ती सासूकडे बघून म्हणाली. "ह्या बारीला पाकिटासंगं पट्टी न्हवती. तुमी पट्टीबिगर कधीच देत न्हाई. मला भ्या वाटलं. म्हणलं आत्याबाईंना इचारू, तर त्या बोलून न्हाई राह्यल्या. म्हणून तसंच ठेवलं."

माझी भीती कागदात बांधून इतक्या लांबवर गेली होती आणि या पोरीने ती जपून ठेवली होती. मी पट्टी तिच्या हातात दिली. ती न्हाणीत गेली.

गयाबाईंनी चहा टाकला. साखर घातली, थोड्या वेळाने पुन्हा घातली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नव्हतो. भिंतीपलीकडे सुपाचा आवाज बंद झाला होता, म्हणजे जाऊबाई कान लावून बसल्या असणार. चहा उतू गेला तरी कुणी तो उतरवला नाही. मग सुनीता बाहेर आली. तिने फळीवरचं न फोडलेलं पाकीट काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"ह्ये तुमी घेऊन जा," ती म्हणाली.

गयाबाईंनी दोन बोटं वर केली. सुनीताने मान हलवली. गयाबाई मटकन खाली बसल्या आणि पदर तोंडात कोंबून, आवाज न करता रडल्या. मी दोघींना सांगितलं, की उद्याच्या उद्या जालना गाठा, रोजची शुगरची गोळी ठेवायची की सोडायची ते डॉक्टरीणबाईंनाच विचारा, मनाने काही करू नका. दोन रेघा म्हणजे सगळं झालं असं नसतं, हे दुकानात बसून मी पुष्कळ पाहिलेलं होतं. तीन महिन्यांपर्यंत कुणाला सांगायचं नाही, असा आमच्याकडे रिवाज आहे. त्या घराला तर सांगण्याचीच भीती होती.

निघताना गयाबाई दारापर्यंत आल्या. जाऊबाईंच्या ओट्याकडे तोंड करून, नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "फुडल्या महिन्यात माझ्या पूजेच्या गोळ्या तयार ठेव. इसरू नको."

मला वाटलं, त्या वेळेपुरतं बोलल्या असतील. पण पुढच्या महिन्यात त्या आल्या. गोळ्या न्यायचं एकदम थांबलं तर कुणाच्या तरी लक्षात येईल, नजर लागेल, असं त्यांचं म्हणणं. घरात ही गोळी चुकून कुणाच्या हाती लागेल या धास्तीने मला झोप येईना. मी पाकिटावर चांद काढायचं बंद केलं, वर मोठी फुली मारली आणि ते सुनेच्या दृष्टीलाही पडू देणार नाही अशी गणपतीची शपथ त्यांच्याकडून घेतली. त्याच्या पुढच्या महिन्यातही त्या आल्या, त्याच्याही पुढच्या. दर वेळी येताना दिसल्या की मी आधी त्यांचा चेहरा बघायची. वाईट बातमी असेल तर ती मला त्यांच्या चालण्यातच दिसेल असं वाटायचं. त्या फक्त मोठ्याने गोळ्या मागायच्या, घेऊन जायच्या.

मग एका बाजाराच्या दिवशी, दुपारची वाट न बघता, भर गर्दीत त्या काउंटरशी उभ्या राहिल्या. कमरेची पिशवी सोडली. फुली मारलेली सगळी पाकिटं, जशीच्या तशी बंद, त्यांनी काचेवर ओळीने मांडली.

"ह्ये घे तुझं," गयाबाई म्हणाल्या. "आता काय लपवायचं. दिसून राह्यलं."